लग्नासाठी पैठणी घ्यायला खास येवल्याला जावं का? आणि खरी कशी ओळखायची?

हातमागाचीच हवी असेल तर जरूर जा. मनमाडला उतरलात की येवला तासाभराच्या आत. सेमी पैठणी, म्हणजे मशीनवर विणलेली, चालणार असेल तर मात्र एवढी धावपळ नको, ती दादरला किंवा लक्ष्मी रोडलाही ढिगाने मिळते.

ओळखायची खूण सोपी आहे: पदर उलटा करा. हातमागावर मोर किंवा मुनिया (पोपट) रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणतात, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसले, जाळी लावलेली असली, तर ती मशीनची. दुकानदार काहीही म्हणो! सिल्क मार्क बघा, पण तो फक्त रेशमाची खात्री देतो, हातमागाची नाही. जरही विचारून घ्या. हल्ली बरीचशी टेस्टेड जर असते, म्हणजे ती अस्सल सोन्या-चांदीची नसते.

माझ्या बहिणीच्या वेळी आम्ही ट्यूबलाइटखाली 'वांगी' रंग पसंत केला. दाराशी उन्हात धरला तर चक्क जांभळा! तेव्हापासून साडी बाहेर नेऊन बघितल्याशिवाय पैसे काढत नाही.

हव्या त्या रंगात विणून घ्यायची असेल तर चार-पाच महिने हाताशी ठेवा, भरलेल्या पदराला फार वेळ लागतो. शिवाय ब्लाउज, फॉल-पिको आलंच. नऊवारी नेसणार असाल तर ते आधीच सांगा, सहावारीत ते नीट जमत नाही. आणि सोबत दोघीच जा. आत्या, मावशी, काकू सगळ्या नेल्यात तर संध्याकाळपर्यंत एकमत होणार नाही.