टब बदलला आणि खालचे छत गळू लागले. नोटिशीला उत्तर काय द्यावे?

प्रश्न : रत्नागिरीत सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. विटांच्या कट्ट्यात बसवलेला जुना टब काढून फेब्रुवारीत फ्रीस्टँडिंग (कट्ट्याशिवाय मोकळा उभा राहणारा) टब बसवला. सेक्रेटरींना फक्त तोंडी सांगितले होते. जुलैत खालच्या घराचे छत गळू लागले. टब काढा, दंड भरा, नाहीतर पाणी तोडू, अशी नोटीस आली आहे. १,१०,००० रुपये यूपीआयने घेतलेला ठेकेदार हात वर करतो. बिल दिलेले नाही.

उत्तर : पाणी तोडण्याच्या धमकीला घाबरू नका. दुरुस्तीच्या वादात सभासदाचे पाणी बंद करणे हा कमिटीचा अधिकार नाही. तसा प्रयत्न झालाच तर सहकार न्यायालयातून मनाई मागता येते. दंडही कमिटी परस्पर लावू शकत नाही. आधी कारणे दाखवा नोटीस, मग सर्वसाधारण सभेत तुमचे म्हणणे, आणि मगच निर्णय. आदर्श उपविधींत (सोसायट्यांच्या नमुना नियमांत) दंडाची कमाल मर्यादा आर्थिक वर्षाला ५,००० रुपये आहे. मात्र लेखी परवानगी घेतली नाही, ही तुमची बाजू लंगडीच आहे. ती नाकारू नका. आता अर्ज द्या, सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचे पत्र जोडा. भरलेला टब, त्यात माणूस, असे वजन साडेतीनशे किलोच्या आसपास जाते, म्हणून हा मुद्दा सभेत निघणारच. जुना कट्टा आणि त्यातली भर काढल्याने किती भार कमी झाला, तेही पत्रात यायला हवे.

खरा प्रश्न गळती कुठून येते हा आहे, कारण खर्च त्यावरच ठरतो. संडास-बाथरूमच्या आतली गळती सभासदाने दुरुस्त करायची. पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची सोसायटीने. कोकणातल्या जुलैत या दोन्ही एकाच डागात मिसळतात. म्हणून पावसाने तीन-चार दिवस उघडीप दिली की सेक्रेटरी आणि खालचे मालक यांच्यासमोर तपासणी करा. टब न वापरताही थेंब पडत असेल तर दोष नळाच्या लाइनमध्ये. टब भरून ठेवल्यावर काही नाही, पण रंग टाकलेले पाणी सोडल्यावर खाली रंग उतरला, तर वेस्ट पाइपचा (सांडपाण्याच्या नळीचा) सांधा. शेवटी नहाणी ट्रॅप (जमिनीवरचे पाणी वाहून जाते ते तोंड) बंद करून जमिनीवर ४८ तास पाणी साठवा. तेव्हा खाली ओल आली तर जमिनीचे वॉटरप्रूफिंग. उघडिपीत सगळे कोरडे आणि वाऱ्याच्या पावसातच ओल, तर बाहेरची भिंत. तारीख-वेळेसह फोटो घ्या, पंचनाम्यावर तिघांच्या सह्या घ्या.

माझा संशय सांध्यावर आणि कोब्यावर, म्हणजे लादीखालच्या सिमेंटच्या थरावर आहे. जुन्या टबचे पाणी सोडायचे तोंड बहुधा भिंतीकडे असते, नव्याचे पोटाखाली. तिथवर पाइप न्यायला कोबा फोडतात, वॉटरप्रूफिंगचा थर कापला जातो आणि वर नुसते सिमेंट भरून लादी बसवतात. शिवाय जुन्या कट्ट्यामागच्या भिंतीवर अनेकदा थरच नसतो. तपासणीपुरते सोडून टब वापरू नका. खाऱ्या हवेत ओल्या स्लॅबच्या सळया लवकर गंजतात आणि खालच्याची भरपाईची मागणी वाढत जाते. टब मात्र तपासणीआधी काढू नका, पुरावा जाईल.

ठेकेदाराविरुद्ध सेवेतील त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे रत्नागिरीच्याच आयोगात, आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही. बिल नसले तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअॅप चालते. मात्र इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडा. आधी स्पीड पोस्टाने नोटीस द्या, १५ दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्ती मागा. मुदत दोन वर्षांची आहे, आणि नोटीस पाठवल्याने ती पुढे सरकत नाही. ठेकेदार ‘बघतो, बघतो’ म्हणेल, फेब्रुवारीपासूनच मोजा.