जबड्याचा सांधा: आधी वय विचार

अमळनेरला दातांचा दवाखाना टाकलास, झकास! चावा, म्हणजे वरखालच्या दातांची जुळणी, वाकडा दिसला की लगेच हत्यारं काढू नकोस, आधी वय विचार.

वाढत्या पोरांत सांध्यावरची कूर्चा अजून हाड घडवत असते. दाढ उलटी, म्हणजे वरची खालचीच्या आत, बसते म्हणून पोरगं जबडा एका अंगाला सरकवून चावत असेल, तर सांधा त्या वाकड्या जागेशीच जुळवून घेतो आणि हनुवटी तिरकी होत जाते. ‘दुधाचे दात आहेत, पडतील’ म्हणून हे सोडायचं नाही. खालचा जबडा मागे असेल, तर तो पुढे आणणाऱ्या, तोंडात घालायच्या प्लेटचा खरा फायदा वयात येतानाच. मुलींत ती वेळ लवकर येते.

चाळिशीतही हाड बदलतं, पण हळू आणि थोडंच. एक्स-रेत सांध्याचं डोकं चपटं, पण माणूस कळण्याची भाकरी बिनत्रास चावतोय? मग राहू दे.

नवखे फसतात ते इथे:
- दुखत नसताना नुसत्या कटकट आवाजावर उपचार.
- चावा जुळवायला दात यंत्राने घासून कमी करणं. घासलेला दात परत येत नाही.

आणि हो, पेशंटची स्वतःची तीन बोटं एकावर एक तोंडात जातात का बघ. नसतील तर आधी गाल चाचप. गुटख्याने गाल कडक झालेलेही ‘सांधा धरलाय’ म्हणत येतात. स्प्लिंट (दातांवर बसवायचं कवच), एमआरआयचं पुढे बोलू.