गणपती गावी, आपण म्युनिकला

पत्र : ताई, आम्ही आठ वर्षं म्युनिकला आहोत. सासर चिपळूणजवळ, घरी गौरी-गणपती. यंदाही जाता आलं नाही. चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि लगेच १५ ला मुलाची शाळा. आरतीला व्हिडिओ कॉल केला तर मोबाइल कुठेतरी टेकवून सगळे कामाला लागले, मला नुसता छताचा पंखा दिसत होता. फोन ठेवताना जाऊबाई म्हणाल्या, “तुमचं बरं आहे, पैसे पाठवले की झालं.” नवरा म्हणतो, आता इथेच गणपती बसवू. ते ऐकल्यापासून सासूबाई नीट बोलत नाहीत. काय करू?

उत्तर : आधी जाऊबाईंचं बघू. त्यांचं बोलणं तुला लागलं, लागण्यासारखंच होतं. पण त्या घरात त्या दिवसांत काय चालतं ते तुला ठाऊक आहे. पहाटेपासून नैवेद्याची घाई, मोदकांची उकड गरम असतानाच मळायची, गौरीचं घावन-घाटलं, पंगती, आणि रात्री भजनाची मंडळी आली की पुन्हा चहाचं आधण. दोन सुनांचं काम एकीच्या अंगावर पडलंय. पैशाने नारळ येतात गं, खवायला माणूस लागतं. त्या थकून बोलल्या, असं मला वाटतं.

म्हणून याच आठवड्यात त्यांना फोन कर. दुपारी झाकपाक झाल्यावर. तिथे दोन वाजतात तेव्हा तुझ्याकडे सकाळचे साडेदहा असतात. आधी त्यांचं सगळं ऐकून घे. मग म्हण, “पुढच्या वर्षी मदतीला कुणाला बोलवायचं ते तुम्ही ठरवा, त्यांचे पैसे आमच्याकडे. आणि आम्ही आलो की स्वयंपाकघर माझ्याकडे.” स्वतःची बाजू मांडायला जाऊ नकोस.

आता वेगळा गणपती. मूळ घरी एकच मूर्ती आणि सगळ्या भावांनी तिथे जमायचं, ही कोकणातल्या कितीतरी घरांची रीत. दुसरी मूर्ती म्हणजे दुसरी चूल, असाच अर्थ सासूबाईंनी घेतला असणार. त्यांनी मनापासून हो म्हटल्याशिवाय मूर्ती आणू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. देव्हाऱ्यातल्या गणपतीला मोदक दाखवा, मुलाकडून आरती म्हणून घ्या, म्युनिकच्या मराठी मंडळींच्या गणपतीला जा. मुलाचा सण कोरडा जाणार नाही. आणि हे आईशी बोलायचं काम तुझ्या नवऱ्याचं आहे. सुनेने मध्ये पडून निरोप पोचवले की दोष तिच्याच माथी येतो.

आरतीच्या वेळचा कॉल मात्र बंद कर. त्या घटकेला तिथे कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि तू इथे रडत बसतेस. आदल्या संध्याकाळी मखर बांधताना फोन लाव. तेव्हा पोरं जमिनीवर कागद कापत बसलेली असतात, गप्पा होतात. तुझ्या मुलाला चुलत भावंडांशी भांडू दे, मखराचा रंग ठरवू दे.

आणि पुढच्या वर्षी जा. २०२७ ला चतुर्थी ४ सप्टेंबरला, शनिवारी आहे. बव्हेरियाची, म्हणजे तुमच्या म्युनिकच्या राज्याची, उन्हाळी सुट्टी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, म्हणजे गौरी-गणपती दोन्ही सुट्टीत बसतात, शाळा बुडवून दंडाची भीती नाही. दिवाळीला असं जमत नाही. त्या वर्षी ती ऑक्टोबरच्या शेवटी येते, आणि तिथली शरदाची सुट्टी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा वर्षाची मोठी रजा गणपतीसाठी राखून ठेवा आणि ऑफिसात आत्ताच सांगून टाका. तारीख सासूबाईंना तुझ्या मुलालाच फोन करून सांगू दे. चतुर्थीच्या निदान तीन दिवस आधी घरी पोचा, म्हणजे तयारीत तुझा हात लागेल. कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात. ते काम दिरांवर टाकू नका, तुम्हीच करा.