पीएसए वाढलाय? आधी हे वाचा

दादा, तुमचा पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) ६.८ आला म्हणजे कॅन्सर झालाच असं अजिबात नाही, वयानुसार प्रोस्टेट मोठी झाली किंवा लघवीचं इन्फेक्शन असलं तरी आकडा वर जातो. माझा पहिला रिपोर्ट आला तेव्हा मी रात्री तीनपर्यंत मोबाईलवर शोधत बसलेलो, हाती काही लागलं नाही, झोप मात्र गेली.

सध्या एवढंच बघा:
- टेस्ट परत करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. आधी दोन दिवस सायकल आणि शरीरसंबंध दोन्ही बंद. इन्फेक्शन झालेलं असेल तर सहा आठवडे जाऊ द्या.
- फिनास्टेराइड (वाढलेल्या प्रोस्टेटसाठी किंवा केसगळतीसाठी देतात ती गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना सांगाच, त्याने आकडा जवळपास निम्मा दिसतो आणि आपण उगाच निवांत राहतो.
- बायोप्सीच्या (प्रोस्टेटचे बारीक तुकडे काढून तपासतात त्या) आधी एमआरआय करायचा का, विचारा. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाबरून पुढच्या तपासणीला जायचंच नाही. आणि एकटे जाऊ नका हो, डॉक्टर बोलत होते तेव्हा मला अर्धं ऐकूच आलं नाही, बायकोने वहीत लिहून घेतलं म्हणून निभावलं. ग्लीसन (कॅन्सर किती जोरात वाढणारा आहे ते सांगणारा बायोप्सीतला आकडा) वगैरे आत्ता वाचूच नका, बायोप्सी झालीच तर तेव्हा विचारा, सांगतो.