वाचकांचे प्रश्न : घरातल्या मांजराचा विमा काढावा का?

प्रश्न : आमचा बोका देशी आहे, वय तीन वर्षं, नसबंदी झालेली आहे. घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहतो, तो दाराबाहेर कधीच जात नाही. वर्षाला तीन हजारांच्या आसपास हप्ता असलेली पॉलिसी सुचवली गेली आहे. विमा घ्यावा की तेच पैसे बाजूला टाकावेत? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आधी पैसे बाजूला टाका, विम्याचं त्यानंतर ठरवा. आपल्याकडे प्राण्यांच्या विम्यात बहुतेक वेळा बिल आपण भरायचं आणि कागद देऊन नंतर भरपाई मागायची, अशी पद्धत असते. रात्री दोनला बोक्याला दाखल करताना काउंटरवर डिपॉझिट मागतात, तेव्हा पॉलिसी उपयोगी पडत नाही. म्हणून पंचवीस-तीस हजार रुपये लगेच काढता येतील असे असावेत, विमा असो वा नसो.

आता ‘घरातच असतो’ या मुद्द्याकडे. गाडीखाली येणं, कुत्र्यांचा हल्ला, मारामारीतल्या जखमांचे गळू हे धोके घरातल्या मांजराला जवळजवळ नसतात. पण नसबंदी झालेल्या, थोड्या वजनदार, कोरड्या खाण्यावर वाढलेल्या बोक्याचं खर्चिक दुखणं घरातच घडतं : मूत्रमार्ग तुंबणं. बोक्याची मूत्रनलिका मुळात अरुंद, त्यात स्फटिक किंवा चिकट गुठळी अडकते. तो पुन्हापुन्हा लिटरच्या (शी-शूसाठी ठेवलेल्या मातीच्या) ट्रेमध्ये बसतो, कुंथतो, ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो आणि लघवीचा थेंबही पडत नाही. घरच्यांना बद्धकोष्ठ वाटतं आणि सकाळपर्यंत थांबलं जातं. पूर्ण तुंबल्यास रक्तातलं पोटॅशियम वाढून २४ ते ४८ तासांत जीव जाऊ शकतो. उपचार म्हणजे भूल देऊन कॅथेटर, सलाईन, रक्ततपासण्या आणि काही दिवस दाखल ठेवणं. हे दुखणं उलटतंही, त्यामुळे एका बिलावर भागेलच असं नाही.

दुसरा धोका दोऱ्याचा : राखी, गजरा, शिवणकामाचा दोरा, मांजा. एक टोक जिभेच्या मुळाशी अडकतं, दुसरं आतड्यात उतरतं आणि नाडी ओढल्यावर पायजम्याला पडतात तशा आतड्याला चुण्या पडतात. तोंडातून किंवा मागून दोरा दिसला तर ओढू नका. आतडं कापलं जाऊ शकतं, थेट डॉक्टरांकडे जा. तिसरा धोका तुमच्या मजल्याचा. सरकत्या खिडकीला वेल्क्रोने चिकटवलेली मच्छरजाळी मांजराच्या भाराने सुटते. कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी त्याहून बरी, पण हुक दूर-दूर असतील तर कडेने वाट होते आणि दातांनी ती कुरतडलीही जाते. पक्क्या चौकटीतली स्टीलची जाळी बसवून घ्या. हा खर्च कोणत्याही हप्त्याच्या आधी करायचा.

पॉलिसी हातात आली की तिच्या पहिल्या पानावरच्या मोठ्या आकड्यापेक्षा आतल्या ओळी वाचा. शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातल्या उपचारांची मर्यादा किती, ती वर्षाची की दर आजाराची? दर क्लेममागे स्वतः किती सोसायचं? आजारपणासाठी सुरुवातीचे किती दिवस संरक्षण नाही? आणि सर्वांत महत्त्वाचं : या वर्षी मूत्रमार्गाचा क्लेम दिला, तर नूतनीकरणानंतर तोच आजार ‘आधीपासूनचा’ ठरणार का? याचं उत्तर ईमेलवर लेखी घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर थांबू नका. मृत्यू, चोरी, हरवणं आणि तिसऱ्या व्यक्तीचं नुकसान हे भाग वेगळे काढता येत असतील तर काढून टाका. दत्तक घेतलेल्या देशी मांजराच्या खरेदीची पावतीच नसते, तेव्हा मृत्यूच्या भरपाईत हाती फार काही लागत नाही.

आकडेमोड अशी करून बघा. समजा मर्यादा ४०,००० रुपये, स्वतःचा वाटा २० टक्के, बिल २५,०००. त्यातले ३,००० तपासणी फी, खाणं अशा न मिळणाऱ्या बाबींचे. उरलेल्या २२,००० मधले ४,४०० तुमचे, म्हणजे हाती १७,६००. हप्त्याचे तीन हजार दरवर्षी बाजूला टाकले, तर एवढी रक्कम जमायला जवळजवळ सहा वर्षं बिनआजाराची जावी लागतील. दुसरीकडे महिन्याला १,५०० रुपये वेगळ्या रिकरिंगमध्ये टाकले तर तीन वर्षांत व्याज सोडून ५४,००० जमतात. पण पहिल्या आठ महिन्यांत तिथे फक्त १२,००० असतात आणि बोका तुंबायला तेवढा वेळ देईलच असं नाही.

म्हणून तुमच्या बाबतीत आमचं मत : शस्त्रक्रिया व रुग्णालय एवढंच असलेली, नूतनीकरणाची अट स्पष्ट असलेली पॉलिसी मिळाली तर पहिली दोन-तीन वर्षं घ्या, सोबत रिकरिंग सुरू ठेवा. हप्ता मर्यादेच्या दहा टक्क्यांवर जात असेल, किंवा मूत्रमार्गाचे आजार वगळलेले असतील, तर घेऊ नका. आणि एखाद्या शांत दिवशी जवळच्या दवाखान्यांना फोन करून विचारून ठेवा की रात्री कॅथेटर घालायची सोय कुणाकडे आहे. परळ किंवा महालक्ष्मीच्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता अशा वेळी फार लांब पडतो.

प्रश्न : आमची पर्शियन मांजरी नऊ वर्षांची आहे. आता विमा मिळेल का? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : नव्याने विमा घेण्यासाठी कंपन्या वयाची कमाल मर्यादा ठेवतात आणि नऊ वर्षं बहुधा तिच्या पलीकडे जातात. मिळाला तरी पर्शियनमध्ये आढळणारा मूत्रपिंडातल्या गाठींचा आजार आनुवंशिक असतो आणि जन्मजात व आनुवंशिक आजार सहसा वगळलेले असतात. म्हणजे तिला ज्याची खरी भीती, तेच बाहेर.

हे पैसे तपासण्यांकडे वळवा. दर सहा महिन्यांनी वजन, रक्तदाब, लघवीची घनता, क्रिएटिनिन आणि जमल्यास एसडीएमए (या दोन्ही मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासण्या). वर्षातून एकदा थायरॉईड. गाठी आहेत का हे सोनोग्राफीत दिसतं, ती एकदा करून घ्याच. क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाचं बरंचसं काम गेलेलं असतं. एसडीएमए साधारणपणे त्याआधी इशारा देतं. खाण्यात पाणी वाढवा, ओलं खाणं आणि घरात दोन-तीन ठिकाणी पाण्याची भांडी. मांजर जास्त पाणी पिऊ लागली, ट्रेमध्ये ओले गोळे मोठे दिसू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.

प्रश्न : लसीचा बूस्टर चुकला म्हणून आमचा क्लेम नाकारला. मांजर घरातच असते, मग लस कशाला हवी? (एक वाचक, खारघर)

उत्तर : पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या संसर्गाचा विषाणू मांजराशिवायही महिनोन्महिने टिकतो आणि चपलांवरून घरात येतो. म्हणून दाराबाहेर न जाणाऱ्या मांजरालाही लस लागते. पिल्लाला आठव्या आठवड्यापासून सुरुवात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत डोस आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे बूस्टर. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर, पुढचे डोस वेळेवर.

तुमच्या क्लेमचं बघू. नाकारल्याचं कारण लेखी मागा आणि ते पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली, हे विचारा. आजार त्या लसीशी संबंधित नसेल (उदाहरणार्थ, पाय मोडणं) आणि तसं कलमात लिहिलेलं नसेल, तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र द्या. सोबत केस पेपर जोडा, त्यात पहिलं लक्षण कोणत्या तारखेला दिसलं हे डॉक्टरांनी लिहिलेलं असावं, सही आणि नोंदणी क्रमांकासह. तक्रार विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकारच मिळाला, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही, मात्र नकाराच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.