‘कळलं का?’ला सगळे ‘हो’ म्हणतात

पाचवीला गणित शिकवणाऱ्या एका बाईंची तक्रार बऱ्याच शिक्षकांची असते तीच होती: “मी सारखे प्रश्न विचारते, पण हात वर करणारी तीच चार मुलं. बाकीची खाली मान घालून बसतात. त्यांना विचारच करता येत नाही का?”

सल्ला देण्याआधी बाईंना एका तासाचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करायला सांगितलं. त्यात प्रश्नांना तोटा नव्हता, पण निम्म्याहून अधिक प्रश्न ‘कळलं का?’, ‘हो ना?’ किंवा ‘छेद म्हणजे खालचा…?’ असे होते. शेवटच्या प्रकारात मुलांनी फक्त ‘आकडा’ म्हणून गाळलेली जागा भरायची. खऱ्या प्रश्नांनंतरही सेकंदभरात बाई स्वतः उत्तर देत, नाहीतर तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारत. पहिल्या प्रश्नावर विचार करू लागलेलं मूल तिथेच तुटतं, कारण आता त्याला नवा प्रश्न ऐकायचा असतो.

ही काही या बाईंचीच खोड नाही. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं अधिक मोठी झाली आणि गप्प राहणारी मुलं कमी झाली. त्यांनी दोन जागी थांबायला सांगितलं होतं: प्रश्नानंतर आणि मुलाच्या उत्तरानंतरही. दुसरी जागा बहुतेकजण विसरतात. मूल एक वाक्य बोलतं, बाई ‘शाब्बास!’ म्हणतात आणि बाकी वर्गाच्या दृष्टीने विषय मिटतो.

प्रश्न बदलायला अपूर्णांकांचाच धडा घेतला. ‘१/४ आणि १/६ यांत मोठा कोणता?’ याचं उत्तर अंदाजानेही निम्म्या वेळा बरोबर येतं. त्याऐवजी फळ्यावर लिहिलं: ‘एक मुलगा म्हणतो, १/६ मोठा, कारण ६ हा ४पेक्षा मोठा. त्याला असं का वाटलं असेल? तुम्ही त्याला कसं समजवाल?’ चूक दुसऱ्याची असल्याने बोलायला भीती कमी. आधी एक मिनिट वहीत लिहायचं, मग दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलायचं, मग नावांच्या चिठ्ठ्यांतून एकाला विचारायचं. लिहिण्याआधीच चिठ्ठी काढली, तर भित्रं मूल गोठतं आणि बाकीची सुटतात. नाव आलेल्याला ‘नंतर सांगतो’ म्हणायची मुभा; मात्र बाईंनी त्याच तासात त्याच्याकडे परत यायचंच.

पहिल्या दिवशी काय घडलं? शांतता. मुलांना सवय असते की थोडं थांबलं की बाईच उत्तर सांगतात. बाईंनाही ती शांतता सहन होईना, म्हणून त्या काळात खिडकीपर्यंत चालत जायचं ठरवलं.

चौथ्या दिवशी एकाने भाकरीचं उदाहरण दिलं: चौघांत वाटली तर वाटा मोठा, सहा जणांत लहान. शेवटच्या बाकावरून आवाज आला, “पण भाकरीच लहान असली तर?” आधी याला फाटे फोडणं म्हटलं गेलं असतं, आणि खरं तर तासातला सगळ्यात दमदार प्रश्न हाच. बाईंनी फक्त विचारलं, “म्हणजे कसं?” मुलांनीच आकडे काढले: १२ बिस्किटांचा १/४ म्हणजे ३, २४ बिस्किटांचा १/६ म्हणजे ४. तुलना करायची तर पूर्ण वस्तू सारखीच हवी, हा मुद्दा बाईंनी न सांगताच फळ्यावर आला.

एक अडचण मात्र हटून राहिली. बाई ‘का?’ फक्त चुकलेल्या उत्तरावरच विचारत. मुलांनी त्याचा अर्थ बरोबर हेरला होता: बाईंनी ‘का’ म्हटलं की उत्तर बदलायचं! बरोबर उत्तरांनाही त्याच आवाजात ‘का?’ विचारायला लागल्यावर हे हळूहळू थांबलं.

“पण पोर्शन कसा संपणार?” हा प्रश्न रास्तच. असा एकच प्रश्न रोज, आठ-दहा मिनिटं, आणि तो आदल्या दिवशीच टाचणात, म्हणजे पाठाच्या तयारीच्या वहीत, लिहिलेला. ऐन वेळी चांगला प्रश्न सहसा सुचत नाही. पाढे, व्याख्या यांना झटपट तोंडी प्रश्नच योग्य. ‘कळलं का?’ मात्र पूर्ण बंद. त्याजागी तासाच्या शेवटी वहीत दोन ओळी: १/५ आणि १/८ यांत मोठा कोणता, आणि कशावरून. वह्या चाळायला पाच-सात मिनिटं लागतात आणि उद्याचा प्रश्न बहुधा त्यातल्याच एखाद्या चुकीत सापडतो.