सी मधला टायमिंगचा प्रोग्रॅम आवरतोय: कॉमेंट कुठल्या ठेवू, आणि सगळी व्हेरिएबल्स सुरुवातीलाच शून्य करून टाकू का?

आधी तुझा प्रश्न मला समजला तसा सांगतो, चुकत असेन तर खाली लिही. तू सी मध्ये लिनक्सवर एक छोटा प्रोग्रॅम लिहिलायस, त्याचा तुकडाही पोस्टमध्ये दिलायस, तो एखादं फंक्शन हजार वेळा चालवून कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी वेळ छापतो. सबमिट करायच्या आधी आवरायला घेतलास तर कॉमेंट ओळीओळीला आहेत, व्हेरिएबल्स काही इनिशियलाइझ केलेली (म्हणजे सुरुवातीची किंमत दिलेली) काही नाहीत, मिन (कमीत कमी वेळ) कायम ० दाखवतं, आणि कुठल्यातरी उदाहरणातून बघून ते बदललंस तर आता मधूनच १८४४६७४४०७३७०९५५१६१५ असला राक्षसी आकडा येतो. मित्र म्हणतो सगळं शून्य कर आणि मोकळा हो. तिसऱ्या वर्षाला आहेस, वर गोव्यातल्या फोंड्याचाच, म्हणून सरळ तू म्हणतोय, राग मानू नको.

मित्राचं ऐकू नको. निदान या प्रोग्रॅममध्ये तरी नको.

शून्य म्हणजे ‘अजून काही नाही’ असं आपल्याला वाटतं, पण वेळ मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शून्य हा एक आकडा आहे आणि त्याचा अर्थ ‘काम शून्य नॅनोसेकंदात झालं’ असा होतो. तुझं मिन तिथेच अडकलंय. सुरुवातीला ‘मिन = ०’ लिहिलंस, मग प्रत्येक फेरीला ‘ही वेळ मिनपेक्षा कमी असेल तर मिन बदल’, आता शून्यापेक्षा कमी वेळ येणार कुठून? हजार फेऱ्या झाल्या काय नि लाख झाल्या काय, मिन जागचं हलत नाही. मॅक्सला तोच शून्य चालून जातो कारण कुठलीही वेळ त्याच्याहून मोठीच असते, म्हणून एक बरोबर आणि एक चूक, आणि आपण डोकं खाजवत बसतो की दोन्ही ओळी सारख्याच तर आहेत.

आता तो राक्षस. तो २ चा ६४ वा घात वजा १ आहे, म्हणजे ६४ बिटच्या अनसाइन्ड (ऋण आकडे न ठेवणाऱ्या) व्हेरिएबलमध्ये मावणारा सगळ्यात मोठा आकडा. तू मिनमध्ये -१ टाकलंस ना, अनसाइन्डमध्ये त्याचं हेच होतं. ती युक्ती तशी वाईट नाहीये, पहिलीच मोजलेली वेळ त्याच्याहून लहान निघते आणि मिन बरोबर बसतं. पण एकही फेरी झालीच नाही, म्हणजे फेऱ्यांचा आकडा ० दिला किंवा फंक्शन पहिल्याच वेळेला एरर देऊन बाहेर पडलं, तर तो जसाच्या तसा छापला जातो. एक मात्र नीट बघ, आकडा नेमका ...५५१६१५ वरच संपतोय का? सुरुवात तशीच १८४४६७४४ पण शेवट वेगवेगळा असेल तर दुखणं दुसरं आहे, शेवटच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा करताना उत्तर ऋण आलंय आणि अनसाइन्डने त्याचं हे सोंग केलंय. त्याच्याकडे घड्याळांच्या गोष्टीत येतो.

मी काय करतो सांगतो. एक स्ट्रक्ट (व्हेरिएबल्सची एकत्र बांधलेली मोळी), त्यात फेऱ्या, बेरीज, मिन, मॅक्स. इनिशियलाइझ करताना नावानिशी फक्त मिनला सगळ्यात मोठी किंमत देतो, बाकीच्या ज्यांची नावं घेतली नाहीत ती सी आपोआप शून्य करतं, ही सोय सी ९९ पासून आहे. आणि छापायच्या आधी फेऱ्या शून्य आहेत का ते बघायचं, असतील तर ‘मोजमाप नाही’ एवढंच छापायचं. ही तपासणी पाहिजेच, नाहीतर सरासरी काढताना शून्याने भागशील. आणखी एक, बेरीज साध्या इंटमध्ये ठेवू नको, नॅनोसेकंद मोजत असशील तर ३२ बिटचा इंट २.१४७ सेकंदांत भरतो, ६४ बिटचा साइन्ड घेतलास तर तो २९२ वर्षं पुरतो, तोवर आपण काय असत नाही.

सरसकट शून्याचा दुसरा तोटा लोकांच्या लक्षात येत नाही. फंक्शनच्या आतलं साधं व्हेरिएबल इनिशियलाइझ न करता वाचलं की जीसीसी कंपायलर ‘वॉल’ आणि ‘ओ२’ हे ऑप्शन लावल्यावर बऱ्याचदा वॉर्निंग देतो, त्याच्या नजरेतून सुटलं तर व्हॅलग्राइंड (प्रोग्रॅम चालवून मेमरीच्या चुका शोधणारं साधन) पकडतो. तू आधीच शून्य घालून ठेवलंस की दोघेही गप्प, कारण त्यांच्या लेखी किंमत आहे, आता ती चुकीची आहे हे त्यांनी कसं ओळखायचं? म्हणजे जिथे खरी किंमत पुढे येणार आहे तिथे शून्य घालणं म्हणजे गळतं छप्पर दिसू नये म्हणून खाली सिलिंग मारल्यासारखं आहे, पाऊस काय थांबत नाही. त्यापेक्षा व्हेरिएबल जिथे खरी किंमत मिळते तिथेच जाहीर कर. सगळी व्हेरिएबल्स फंक्शनच्या डोक्यावर लिहायची सवय ही टर्बो सी च्या जमान्यातली, आपण सगळे तशीच शिकलो, पण आता तशी सक्ती नाही.

आणि टायमिंगमध्ये तर ही जागा फारच महत्त्वाची. ‘सुरुवात = आत्ताची वेळ’ ही ओळ तू सगळ्यात वर इनिशियलायझेशनच्या गठ्ठ्यात टाकलीस तर दिसायला छान दिसतं, पण मग त्याच्याखाली फाइल उघडणं, मेमरी मागणं, सगळंच तुझ्या मोजमापात. सुरुवातीची वेळ घेणारी ओळ मोजायच्या कामाला अगदी चिकटून पाहिजे.

मेमरीचं निघालंच म्हणून, यात मी स्वतः एकदा पूर्ण रात्र घालवलीय, सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू ऐकू आला तेव्हा घड्याळाकडे बघितलं. पहिली फेरी नेहमी बाकीच्यांपेक्षा कितीतरी हळू, मॅक्स वाकडा, सरासरी वाकडी. मी म्हणायचो बफर (माहिती ठेवायची मेमरी) तर कॅलॉक या मेमरी मागायच्या फंक्शनने घेतलाय, म्हणजे आधीच शून्य भरून तयार आहे. तसं नसतं रे. मोठा बफर मागितला की लिनक्स नुसता ‘दिला’ म्हणतो, खरी मेमरी ४ केबीच्या एकेका पानाने, तू त्या पानावर पहिल्यांदा लिहिशील तेव्हा जोडून देतो, आणि तो जोडायचा वेळ माझ्या पहिल्या फेरीच्या माथी पडत होता. घड्याळ सुरू करायच्या आधी बफरमध्ये खरोखर काहीतरी लिही, शून्य नको, एखादा दुसरा आकडा, कारण शून्य लिहिलंस तर कंपायलर कधी कधी मॅलॉक (नुसती मेमरी मागणं) आणि मेमसेट (ती एका आकड्याने भरणं) जोडून त्याचं कॅलॉकच करून टाकतो आणि पुन्हा तेच. एकदोन फेऱ्या न मोजता सोडून दे. आणि हे का केलंय त्याची कॉमेंट लिहीच लिही, कारण पुढचा माणूस बघणार, म्हणणार ही ओळ कशाला, आणि पुसणार.

यावरून कॉमेंटकडे. ‘आय एकने वाढव’, ‘लूप सुरू’, ‘वेळ छापा’ असल्या सगळ्या बिनधास्त उडव. पण उडवायच्या आधी प्रत्येक कॉमेंट खालच्या ओळीशी ताडून बघ, खोटी कॉमेंट निरुपयोगी कॉमेंटपेक्षा वाईट. कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका ठिकाणी मी वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरवर काम करायचो, तिथल्या जुन्या कोडमध्ये वेळ मोजायचं फंक्शन होतं आणि वर कॉमेंट, ‘वेळ मिलिसेकंदात देतो’. आकडा आला ३८००. मी हिशोब केला, ३.८ सेकंद, बाप रे, पावती निघायला एवढा वेळ? दोन दिवस ते फंक्शन पिळलं. मग कळलं कोणीतरी मधल्या काळात घड्याळ बदलून मायक्रोसेकंदवालं लावलं होतं आणि कॉमेंट तशीच ठेवली होती. ३.८ मिलिसेकंदांसाठी दोन दिवस! खरा उशीर प्रिंटरच्या केबलकडे होता, ते वेगळंच रामायण.

तेव्हापासून एकक मी कॉमेंटमध्ये ठेवतच नाही, व्हेरिएबलच्या नावात घालतो, शेवटी ‘एनएस’ किंवा ‘यूएस’. घड्याळ बदलणाऱ्याला नाव बदलावं लागतं, आणि नाव बदललं की जिथे जिथे वापरलंय तिथे कंपायलर ओरडतो. कॉमेंट बदलली नाही म्हणून कोणी ओरडत नाही.

तू दिलेल्या तुकड्यात पण एक खोटी आहे, ‘सेकंद टिंब नॅनोसेकंद छापतो’ ती. १ सेकंद आणि ५०००००० नॅनोसेकंद म्हणजे १.००५ सेकंद. तू दोन्ही आकडे नुसते टिंब घालून शेजारी छापतोयस, त्यामुळे दिसतं १.५०००००० आणि वाचणारा दीड सेकंद समजतो. नॅनोसेकंदाचा भाग नऊ घरांत, डावीकडे शून्यं भरून छापायला पाहिजे. वजाबाकीत पण तसंच, १०.९ ला सुरू आणि १२.१ ला संपलं तर सेकंदांचा फरक २ आणि नॅनोसेकंदांचा वजा ८० कोटी, तिथे शाळेतल्यासारखा हातचा घ्यावा लागतो. मी तर दोन्ही वेळांचे आधी ६४ बिट नॅनोसेकंद करतो आणि मग वजा करतो, हातच्याची भानगडच नाही.

आता ठेवायच्या कॉमेंट. सगळ्यात महत्त्वाची ही की घड्याळ कुठलं आणि तेच का. तू वर एके ठिकाणी क्लॉक फंक्शन वापरलंयस, खाली दुसऱ्या ठिकाणी गेटटाइमऑफडे, आणि दोन्हीवर कॉमेंट एकच, ‘वेळ घेतो’. ही दोन वेगळी घड्याळं आहेत. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणला जायला फेरीबोटीच्या रांगेत उभा राहा, घरून निघाल्यापासून पलीकडे उतरेपर्यंतची वेळ एक आणि बोट प्रत्यक्ष पाण्यावर चालली ती वेळ दुसरी. लिनक्सवर क्लॉक फंक्शन फक्त बोट चाललेली मोजतं, म्हणजे तुझ्या प्रोसेसने सीपीयू किती खाल्ला तेवढंच, स्लीपमध्ये किंवा डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ त्यात नाही. गेटटाइमऑफडे भिंतीवरचं घड्याळ बघतं, आणि ते नेटवरून वेळ जुळवताना मागे सरकू शकतं. मघाशी म्हटलेली ऋण वजाबाकी तिथून येते. मोजायला क्लॉक गेटटाइम फंक्शन घे आणि त्याला मोनोटॉनिक सांग, ते मागे जात नाही. फक्त लॅपटॉप झोपवलेला असतानाचा वेळ लिनक्सवर त्यात धरला जात नाही, तो हवा असेल तर बूटटाइम नावाचं वेगळं आहे. हे सगळं दोन ओळींत त्या फंक्शनच्या डोक्यावर लिही, कारण कोड बघून ‘मोनोटॉनिक’ कळतं, ‘का’ कळत नाही.

दुसरी कॉमेंट मिनवर, ‘फेऱ्या शून्य असतील तर ही किंमत वाचू नये’. तिसरी त्या न मोजलेल्या फेऱ्यांवर. एवढ्या पुरेत, तुझ्या दीडशे ओळींना आणखी नकोत.

आणि गिट (कोडचे बदल नोंदवून ठेवणारं साधन) वापरतोस तर दोन वेगळे कमिट, म्हणजे दोन वेगळ्या नोंदी, कर, आधी फक्त कॉमेंट, मग इनिशियलायझेशन. पहिल्यानंतर तपासायला सोपं आहे, ‘जी’ ऑप्शन (डीबगची माहिती घालणारा) न लावता आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल केलेली) बनव आणि सीएमपी या फाइली ताडणाऱ्या कमांडने ताड, कॉमेंट सोडून कशालाच हात लावला नसशील तर दोन्ही तंतोतंत सारख्या निघतात. असर्ट (चालताना अट तपासणारी ओळ) वापरला असशील तर मात्र ओळींचे नंबर आत जातात आणि फरक दिसतो, घाबरू नको. माझा एकदा कॉमेंट पुसता पुसता एक अर्धविराम गेला होता, लूपच्या शेवटचा, कंपाइल पण झालं, ते असंच सापडलं.

आता घरी जाऊन फेऱ्या ० देऊन एकदा चालव, मग तुझ्या आत्ताच्याच कोडमध्ये (स्ट्रक्टमध्ये नव्हे, तिथे ती आपोआप शून्य होईल) मिनमधली किंमत काढून व्हॅलग्राइंडखाली चालव, आणि जी पहिली तक्रार येईल ती ओळ इथे टाक. आणि राक्षसाचे शेवटचे सहा आकडे पण लिही, ...५५१६१५ आहेत की दुसरे, त्यावरून पुढचं बघू.